कॉम्प्युटर मधेच बंद पडतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो: दोष शोधायचा कसा

काम चालू असताना कॉम्प्युटर अचानक बंद पडला की पहिला सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारून बघ." दुसरा, "रॅम बदल." हे सल्ले पाळायची घाई करू नका. फॉरमॅटमध्ये अर्धा दिवस जातो, डेटा गमावण्याची भीती असते, आणि दोष एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यात) असेल तर नवी कोरी विंडोजही तशीच बंद पडते. आपल्याकडच्या घरांमध्ये या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंतच्या वीजमार्गात निघतं. त्याखालोखाल उष्णता. रॅम, ड्रायव्हर (एखादा भाग विंडोजशी जोडणारा प्रोग्राम) आणि विंडोज यांची पाळी नंतर येते. म्हणून इथेही तपासणीचा क्रम तसाच ठेवला आहे: फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या शेवटी, आणि एका वेळी एकच बदल. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि कॉम्प्युटर सुधारला, तर खरा दोषी कोण होता ते कधीच कळत नाही आणि पैसे मात्र तिघांवर जातात.

ही सगळी माहिती विंडोज 10 किंवा 11 असलेल्या डेस्कटॉपसाठी आहे.

सगळ्यात आधी बॅकअप. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली तर ती फाइल खराब होऊ शकते, कधी कधी पूर्ण ड्राइव्हची रचना बिघडते. कॉम्प्युटर जेवढा वेळ टिकतोय तेवढ्यात फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर घ्या. दहा मिनिटंही टिकत नसेल तर ड्राइव्ह काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून कॉपी करा.

बंद कसा पडतो ते नीट बघा

"बंद पडतो" या तक्रारीत चार-पाच वेगळे आजार दडलेले असतात, आणि लक्षण नेमकं टिपलं की निम्मं काम होतं.

पंखे, दिवे, सगळं एका क्षणात गेलं आणि कॉम्प्युटर बंदच राहिला, तर बाहेरची वीज, एसएमपीएस, अति उष्णता किंवा शॉर्ट यांचा संशय घ्या. स्क्रीन काळी होऊन लगेच कंपनीचा लोगो आला, म्हणजे मदरबोर्ड रीसेट झाला: व्होल्टेजचा झटका, रॅम, प्रोसेसर किंवा तुम्हाला दिसण्याआधीच निघून गेलेली ब्लू स्क्रीन (विंडोज कोलमडल्यावर दिसणारा चुकीचा संदेश; नव्या विंडोज 11मध्ये तो काळ्या रंगाचा असतो). चित्र गोठलं, आवाज एकाच सुरावर अडकला आणि मग रीस्टार्ट झाला, तर रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा ड्रायव्हर. "अपडेट होत आहे" असं दाखवून नीट पायरीपायरीने बंद झाला, तर ते विंडोज अपडेटचं काम, बिघाड नाही.

एक लक्षण खास लक्षात ठेवा. कॉम्प्युटर बंद पडल्यावर समोरचं बटण दाबूनही सुरू होत नाही, पण मागची वायर काढून मिनिटभर थांबून परत लावली की लगेच सुरू होतो. असं होत असेल तर एसएमपीएसचं संरक्षण सर्किट पडलेलं असतं. जास्त करंट किंवा शॉर्ट जाणवला की ते स्वतःला कुलूप लावून घेतं आणि वीज पूर्ण काढल्याशिवाय उघडत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

बंद पडला त्या वेळी घरात काय चाललं होतं तेही लिहून ठेवा. पाण्याची मोटर, मिक्सर, एसी सुरू झाला होता का? ट्यूब लुकलुकली का? वायफाय राउटरही रीस्टार्ट झाला का? गेम चालू होता की कॉम्प्युटर नुसता पडून होता? वेळेसकट अशा चार-पाच नोंदी झाल्या की नमुना दिसायला लागतो.

विंडोजने काय लिहून ठेवलंय

ब्लू स्क्रीन आल्यावर विंडोज लगेच रीस्टार्ट होते, त्यामुळे ती वाचायला मिळत नाही. हे आधी थांबवा. स्टार्ट मेनूत "व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज" शोधा, "स्टार्टअप अँड रिकव्हरी"च्या सेटिंग्जमध्ये जा आणि "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट"ची टिक काढा. यानंतर ब्लू स्क्रीन येऊन थांबली तर मोबाइलने फोटो घ्या.

मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. उजवीकडे "फिल्टर करंट लॉग"मध्ये इव्हेंट आयडीच्या चौकटीत 41, 1001, 1074, 6008 हे आकडे स्वल्पविराम देऊन टाका.

1074 म्हणजे कुठल्या तरी प्रोग्रामने किंवा माणसाने रीतसर बंद करायला सांगितलं. कोणी, ते नावही तिथेच असतं. 6008 म्हणजे आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. 1001ची बगचेक नोंद म्हणजे ब्लू स्क्रीन आली होती. आणि 41, म्हणजे कर्नल-पॉवर. हा आकडा बघून अनेक जण थेट एसएमपीएस बदलतात. 41 फक्त एवढंच सांगतो की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाली नव्हती. कारण त्याच्या पोटात बघावं लागतं. ती नोंद उघडून "डिटेल्स"वर क्लिक करा आणि "बगचेक कोड" ही ओळ शोधा.

तिथे 0 असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही: वीज गेली, रीसेट झाला किंवा पूर्ण गोठला. बहुतेक वेळा हार्डवेअर. 0 नसेल तर ब्लू स्क्रीन होती. इथला आकडा दशमान पद्धतीत असतो, तर ब्लू स्क्रीनवरचा कोड हेक्साडेसिमलमध्ये. विंडोजच्या कॅल्क्युलेटरला प्रोग्रामर मोडवर टाकून तो बदलून घ्या. 292 म्हणजे 124: प्रोसेसरकडून आलेली हार्डवेअर चूक. 278 म्हणजे 116: ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा कार्ड. 159 म्हणजे 9एफ: स्लीपमध्ये जाता-येताना अडकलेला ड्रायव्हर. 26 म्हणजे 1ए: मेमरी.

त्याच जागी "पॉवर बटण टाइमस्टँप"समोर 0 सोडून मोठा आकडा असेल तर पॉवर बटण दाबलं गेल्याची ती नोंद आहे. कोणी दाबलं नसेल तर बटणच अडकतंय. त्याकडे पुढे येऊ.

भिंतीपासून सुरुवात

कॉम्प्युटर बंद करून मागची पॉवर वायर एसएमपीएसमध्ये घट्ट बसली आहे का ते बघा. हलकेच हलवल्यावर डुगडुगत असेल तर वायर बदला. स्पाईक गार्डचं बटण, सॉकेट आणि प्लगच्या पिना तपासा. प्लग गरम लागतो, प्लास्टिक पिवळं-काळं पडलंय, हलवलं की चर्र आवाज येतो, यातलं काहीही असेल तर तो बोर्ड वापरायचा नाही. एकाच एक्स्टेन्शनवर कॉम्प्युटर, इस्त्री आणि कूलर असेल तर कॉम्प्युटरला आधी वेगळ्या सॉकेटवर न्या. अर्थिंग आणि न्यूट्रलची तपासणी वायरमनकडून करून घ्या. ढिली न्यूट्रल फार घातक असते. मोटर सुरू झाली की घरातले दिवे एका बाजूला मंद आणि दुसऱ्या बाजूला प्रखर होत असतील तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा, नाहीतर कॉम्प्युटरबरोबर फ्रिज-टीव्हीही जातील.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" नावाची सेटिंग असते. ती "पॉवर ऑन"वर असेल तर लाईट क्षणभर जाऊन आली तरी कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो आणि "स्वतःच रीस्टार्ट झाला" असं वाटतं. तपास चालू आहे तोवर ती "पॉवर ऑफ"वर ठेवा. आता वीज तुटली तर तो बंदच राहील, रीसेट झाला तर परत सुरू होईल. दोन आजार आपोआप वेगळे होतात.

यूपीएस: वाचवणाराच पाडतो तेव्हा

घरात साधारण 600 व्हीएचा यूपीएस असतो. तो बहुधा 360 वॅटच पेलतो आणि आत 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ही बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. खोली गरम असेल तर आधीच. थकलेल्या बॅटरीचा यूपीएस लाईट असताना अगदी ठणठणीत दिसतो. पण व्होल्टेज जरा खाली आलं की तो बॅटरीवर उडी मारतो, बॅटरीत जीव नसतो आणि कॉम्प्युटर जातो. घरातली लाईट गेलेलीच नसते, त्यामुळे यूपीएसवर कोणाचा संशय जात नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, सगळीकडे एसी-कूलर चालू असताना हेच रोज होतं.

चाचणी सोपी आहे. कॉम्प्युटर यूपीएसवरून काढा आणि होल्डरला वायर जोडून जुना 100 वॅटचा तारेचा बल्ब त्यावर लावा. 9 वॅटचा एलईडी चालणार नाही, एवढ्याशा लोडवर मेलेली बॅटरीही तग धरते. यूपीएस रात्रभर चार्ज झालेला असू द्या, मग भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब दहा मिनिटं तरी जळायला हवा. काही सेकंदांत विझला तर बॅटरी बदला. यूपीएस शाबूत असेल तर फक्त बॅटरी बदलून काम भागतं.

यूपीएसच दोषी आहे का हे पक्कं करायला आठवडाभर कॉम्प्युटर थेट सॉकेटवर चालवा. लाईट नसताना बंद पडेल ते सोडून द्या. लाईट असताना एकदाही बंद पडला नाही तर उत्तर मिळालं.

यूपीएस नवा आहे, बॅटरी चांगली आहे, तरीही लाईट जाताक्षणी कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, अशी तक्रारही असते. एसएमपीएसमधले कपॅसिटर वीज तुटल्यावर पूर्ण लोडवर जेमतेम 16-17 मिलिसेकंद कॉम्प्युटर चालू ठेवतील अशी अपेक्षा असते. स्वस्त किंवा जुन्या एसएमपीएसमध्ये तेवढंही नाही. बदल व्हायला यूपीएसने त्याहून जास्त वेळ घेतला की झालं. घराच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर इन्व्हर्टरच्या मागे किंवा समोर "यूपीएस" आणि "नॉर्मल" किंवा "इको" असा खटका शोधा. तो यूपीएसवर हवा. नॉर्मलवर बदल सावकाश होतो, पंख्याला ते चालतं, कॉम्प्युटरला नाही. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण 180 व्होल्टच्या खाली लगेच बॅटरीवर येतो. नॉर्मलमध्ये 100 व्होल्टपर्यंत तशीच वीज पुढे ढकलत राहतो. ग्राफिक्स कार्डवाला पीसी 600 व्हीएवर असेल तर गेम चालू असताना लाईट गेली की ओव्हरलोडमुळे तो पडणारच. लेझर प्रिंटर तर यूपीएसवर कधीच लावू नका.

एसएमपीएस

लोकल कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर "450 वॅट" ठळक छापलेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष करून लेबलवरच्या तक्त्यात 12 व्होल्टखाली किती अँपिअर आहेत ते वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही 12 व्होल्टवर चालतात. तिथे 16 अँपिअर असेल तर 12 गुणिले 16, म्हणजे 192 वॅट एवढीच कामाची ताकद. आता दुसरी बाजू बघा. 65 वॅटचा म्हणून विकला जाणारा इंटेल आय5-12400 टर्बोमध्ये 117 वॅटपर्यंत जातो. एक 8-पिन जोड असलेलं ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून 75 आणि त्या जोडातून 150 वॅट घेऊ शकतं. गेम सुरू होऊन पाच मिनिटांत कॉम्प्युटर का बसतो, ते या बेरजेतच दिसतं.

मल्टिमीटर असेल तर कॉम्प्युटर चालू ठेवून, त्यावर लोड असताना, चार पिनच्या मोकळ्या मोलेक्स जोडात मोजा. पिवळी वायर 11.4 ते 12.6, लाल 4.75 ते 5.25 व्होल्ट यांच्यामध्ये हवी; काळी म्हणजे ग्राउंड. दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. लोड येताच पिवळी 11.4च्या खाली गेली तर एसएमपीएस गेला. मात्र आकडे नीट आले म्हणून तो निर्दोष ठरत नाही. मिलिसेकंदाचा खड्डा मल्टिमीटरला दिसत नाही. असा खड्डा पडला की एसएमपीएस "पॉवर गुड"चा सिग्नल काढून घेतो, आणि तो गेला की मदरबोर्ड रीसेट होतो. हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस चालू करायची चाचणी दुकानात करून दाखवतात. त्यातून पंखा फिरतो एवढंच सिद्ध होतं. पक्की चाचणी एकच: मित्राचा चांगला, पुरेशा ताकदीचा एसएमपीएस दोन-तीन दिवस लावून बघणं.

तो बदलताना तीन गोष्टी पाळा. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या जुन्या केबल नव्याला लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक, मॉडेलगणिक वेगळी असते आणि ड्राइव्ह जळतात. दोन 8-पिन जोडांच्या ग्राफिक्स कार्डाला दोन स्वतंत्र केबल द्या, एकाच केबलच्या दोन फांद्या नकोत. प्रोसेसरशेजारचा 4 किंवा 8 पिनचा जोड "टक" आवाज येईपर्यंत दाबा. आणि जुना एसएमपीएस उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि वायर काढल्यावरही तो काही काळ शिल्लक राहू शकतो.

उष्णता

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम "सेन्सर्स ओन्ली"मध्ये उघडून लॉगिंग चालू करा. बंद पडल्यावर त्या फाइलची शेवटची ओळ वाचा. लोडवर प्रोसेसर 70 ते 85 अंशांत असेल तर चिंता नाही. आजचे प्रोसेसर 95-100 अंशांवर गेले की आधी वेग कमी करतात, एकदम बंद पडत नाहीत. त्यामुळे सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत पारा 100वर जाऊन कॉम्प्युटर बंद होत असेल तर प्रश्न नुसत्या धुळीचा नाही: पंखा थांबलाय किंवा हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. इंटेलच्या गोल कूलरला चार प्लास्टिक पिना असतात. साफसफाईनंतर त्यातली एखादी अर्धवट बसते. समोरासमोरच्या पिना जोडीने दाबा, प्रत्येकीचा आवाज यायला हवा. डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवली की ती सुटते, हे लक्षात ठेवा.

धूळ काढायला ब्लोअर वापरा. फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. हीटसिंक काढलाच तर जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट. एएम4 सॉकेटच्या मदरबोर्डवरचा एएमडी कूलर थेट वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो. आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवून तापवा, बंद करा, वायर काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

कॅबिनेट उघडलंच आहे तर टॉर्च घेऊन बघा. फुगलेल्या डोक्याचे कपॅसिटर, गंज, मुंग्या, झुरळं. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात दमट हवा धुळीला ओलसर करते आणि तीच धूळ वीज वाहते. एसएमपीएसच्या जाळीतून पालही आत जाते.

बटण आणि यूएसबी

पॉवर बटण साधारण 4 सेकंद दाबलेलं राहिलं की कॉम्प्युटर तडकाफडकी बंद होतो. अडकलेलं बटण हेच करतं, अडकलेलं रीसेट बटण पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करतं. कॉम्प्युटर सुरू करा आणि मग मदरबोर्डवरून समोरच्या बटणांचे दोन्ही छोटे जोड हळूच उपटून ठेवा. दोन दिवस तसाच चालवा. बंद पडणं थांबलं तर बटण बदला किंवा रीसेटचा जोड कायमचा काढून पॉवरच्या जागी रीसेटचं बटण वापरा. समोरच्या यूएसबी पोर्टमधली वाकलेली पिनही शॉर्ट करते. काही मदरबोर्ड सुरू होतानाच यूएसबी ओव्हर करंटचा इशारा देऊन 15 सेकंदांत बंद होतात. ते पोर्ट मदरबोर्डवरून सुटे करून बघा.

रॅम

बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा. रॅमचा छापील वेग हा बहुधा ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रमाणित वेगापेक्षा जास्त, असतो आणि अनेक अस्थिर कॉम्प्युटर इथेच बरे होतात. मग मेमटेस्ट86 पेन ड्राइव्हवरून चालवा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, त्या पूर्ण करा, रात्रभर लागली तरी. एकही चूक चालत नाही. चूक आली तर एकेक रॅम त्याच स्लॉटमध्ये, प्रोसेसरकडून दुसऱ्यात, लावून चाचणी करा. संपर्कपट्टी पुसायला खोडरबरापेक्षा अल्कोहोल बरं, कारण रबराने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो.

बाकीचं

लॉगमध्ये ब्लू स्क्रीन सापडली असेल तरच ड्रायव्हरमागे लागा. डीडीयू या प्रोग्रामने सेफ मोडमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका, चिपसेटचा ड्रायव्हर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून घ्या, फास्ट स्टार्टअप बंद करा. सुरुवातीच्या रायझन प्रोसेसरचा कॉम्प्युटर नुसता पडून असतानाच रीस्टार्ट होत असेल तर बायोसमध्ये "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" शोधून "टिपिकल करंट आयडल" निवडा.

इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरची गोष्ट वेगळी आहे. जादा व्होल्टेजमुळे ते हळूहळू खराब होतात हे इंटेलने 2024 मध्ये मान्य केलं आणि 65 वॅट व त्यावरच्या मॉडेलसाठी मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या. त्या बायोसमधून येतात, म्हणून बायोस अद्ययावत करा. ते करताना कॉम्प्युटर चांगल्या यूपीएसवर असू द्या. मात्र आधीच झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही. बॉक्समधून घेतलेल्या अशा प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने 2 वर्षांनी वाढवलेली आहे, तेव्हा बिल आणि सीरियल नंबर शोधून ठेवा.

एवढं करून उत्तर मिळालं नाही तर कॉम्प्युटर दुकानात न्या, सोबत तुमच्या नोंदी आणि 41च्या नोंदीचा फोटो द्या. तिथे तो चार दिवस न थांबता चालला तर भाग बदलू नका. घरी आणून वायरमनला बोलवा आणि यूपीएस परत तपासा. तिथेही बंद पडला आणि एसएमपीएस, रॅम बदलूनही फरक नसेल, तर उरतात मदरबोर्ड आणि प्रोसेसर. आधी मदरबोर्डवर संशय घ्या, प्रोसेसर त्या मानाने क्वचित जातो. दुकानदाराकडे तुमचा प्रोसेसर दुसऱ्या चालू मदरबोर्डवर लावून बघायला सांगा, आणि ते झाल्याशिवाय कशाचेही पैसे देऊ नका.